उड्या मारायची दोरी, आकडे दाखवणाऱ्या मुठीची: बराच काळ वापरून झाल्यावर

ही दोरी हातात आली तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि कित्येक आठवडे कचरा टाकण्यापलीकडे घराबाहेर पडले नव्हते. ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं. पाठोपाठ आमची शाळा बंद झाली, बास्केटबॉलच्या मैदानाला कुलूप लागलं. टोकियोचं ऑलिंपिकसुद्धा वर्षभर पुढे गेलं, तिथे आमच्या शाळेच्या सामन्यांची काय कथा! पहाटे तीनला झोपायचं, अकराला उठायचं, कॅमेरा बंद ठेवून तास ऐकायचे. आईने नुसती हाक मारली तरी डोळे भरून यायचे.

माझी आत्या फिजिओथेरपिस्ट आहे. तिने ही दोरी पाठवली आणि फोनवर म्हणाली, "अगं, रोज सहा मिनिटं उड्या मार, उन्हात जाऊन. बाकी काही करू नकोस." मुलांनी आणि किशोरवयीनांनी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल करावी, असं संघटनेच्या नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तो आकडा तेव्हा कुणी ऐकवला असता तर मी दोरी कपाटात टाकून दिली असती. त्याच सूचनांत असंही लिहिलं आहे की काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलं बरं. मला त्या दिवसांत तेवढंच झेपणारं होतं.

आता दोरीविषयी. पीव्हीसीची, तीन मीटर लांब, मुठीत बॉल बेअरिंग. बेअरिंगमुळे दोरीला पीळ पडत नाही, हा तिचा खरा गुण. नवी असताना डब्यातली वेटोळी तशीच राहतात. थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवून मग वजन बांधून रात्रभर टांगली की सरळ होते. लांबी बेतायला दोरीच्या मध्यावर एक पाय ठेवून उभं राहा आणि मुठी वर ओढा. त्या काखेपर्यंत आल्या की झालं. नवशिक्याने तारेची दोरी घेऊ नये. ती वेगाने फिरते खरी, पण चुकली की नडगीवर वळ उठतो, आणि मन आधीच खचलेलं असताना दोनदा असा फटका बसला की तिसऱ्या दिवशी कुणी उठत नाही.

मुठीवरचा फोम घामाने भिजून सहा महिन्यांत सुटला. दोरी जिथे जमिनीला घासते तिथे दीड वर्षात झिजली. तेवढीच बदलून मिळाली, हे बरं झालं.

फरक पडला तो आधी झोपेत. सकाळचा उजेड आणि अंगातला थकवा यांनी आठ-दहा दिवसांत मला बाराच्या आत झोपायला लावलं. मन हलकं व्हायला त्याहून वेळ लागला. व्यायामाने मेंदूत एंडॉर्फिन, म्हणजे बरं वाटायला लावणारं रसायन, वाढतं, असं सगळे सांगतात; मला जाणवलं ते एवढंच की उडी चुकू नये म्हणून लक्ष पायांकडे द्यावं लागतं आणि तेवढी मिनिटं मृतांचे आकडे डोक्यात येत नाहीत. पुढे संघातल्या तिघी सकाळी सातला व्हिडिओ कॉलवर येऊ लागल्या. कुणी फारसं बोलायचं नाही. चौघींच्या दोऱ्यांचा आवाज एकमेकींना ऐकू यायचा. त्या आवाजासाठी मी उठायचे.

आता माझी खरी तक्रार. मुठीत एक छोटा पडदा आहे, उड्या मोजणारा. पहिला आठवडा मजा आली. मग काल ३१० झाल्या, आज २८० का, असं सुरू झालं. शाळेचे निकाल टांगणीला लागले होते आणि मी सकाळी सातलाच स्वतःला नापास करत होते. दुसऱ्या पंधरवड्यात हट्टाने ६०० वर गेले आणि नडग्या इतक्या दुखल्या की जिना उतरवेना. आत्याने आठवडाभर बंद करायला लावलं. मी मुठीतला बटण सेल काढून टाकला. तेव्हापासून मी फक्त घड्याळ लावते. ज्या मुलाचं किंवा मुलीचं मन आधीच कातर झालंय, त्यांच्यासाठी दोरी घेणार असाल तर साध्या मुठीचीच घ्या. हे मी अगदी कळकळीने सांगते.

चौघींपैकी एकीला दोरीने काही फरक पडला नाही. ती कॉलवर यायची, उड्याही मारायची आणि तरी दिवसेंदिवस गप्प होत गेली. तिला समुपदेशक लागला, औषधंही लागली, आणि ती वेळेवर मिळाली. ती एकटी नव्हती. महासाथीच्या पहिल्या वर्षातल्या २९ अभ्यासांचा, मिळून ८०,८७९ मुलामुलींचा आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साधारण चारात एकाला नैराश्याची आणि पाचात एकाला चिंतेची ठळक लक्षणं होती. इतक्या मुलांना नुसती दोरी देऊन कसं भागेल?

पुढे मला स्वतःला कोविड झाला. ताप उतरल्यावरही डॉक्टरांनी उड्या लगेच सुरू करू दिल्या नाहीत. आधी चालणं, मग एकेक मिनिट. छातीत दुखलं किंवा धडधड वाढली तर थांबायचं, अशी ताकीद होती. अशा आजारातून उठलेल्यांनी ही घाई करूच नये.

उड्या गुडघ्याएवढ्या उंच नकोत. दोरी पायाखालून सरकेल इतकंच, दोन-तीन सेंटिमीटर उचललं तरी पुरतं. नुसत्या फरशीवर नको, खाली ६ मिलिमीटरची चटई घाला. पायांना बरं आणि खालच्या मजल्यावर कुणी राहत असेल तर त्यांनाही.

तीच मूठ आता माझी धाकटी बहीण वापरते, नव्या दोरीसह. तिने पडद्याबद्दल विचारलं होतं. सेल मी परत घातलेला नाही.