आठ महिने भिंतीवर सिनेमे पाहिल्यावर

प्रोजेक्टरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत '4के' लिहिलं होतं आणि त्याखाली बारीक 'सपोर्ट'. म्हणजे 4के फाइल तो घेणार, पण दाखवणार 1920 गुणिले 1080 पिक्सेल (चित्राचे ठिपके), म्हणजे 4केच्या पाव एवढंच. हे माझ्या डोक्यात शिरायला दोन आठवडे लागले. चिडलो, पण खरं सांगायचं तर माझं दुखणं वेगळंच निघालं.

दुखणं म्हणजे काळा रंग. 'बॅरी लिंडन' (1975) मुद्दाम लावला, मेणबत्तीच्या उजेडातली ती दृश्यं मोठी पाहायची म्हणून. दिग्दर्शक कुब्रिकने त्यांच्यासाठी एफ/0.7ची, म्हणजे अगदी कमी उजेडातही चित्र टिपणारी झाइस लेन्स वापरली होती. माझ्या भिंतीवर त्या अंधाराची नुसती राख झाली. प्रोजेक्टर काळं काही फेकू शकत नाही, फार तर उजेड अडवतो, आणि स्वस्तातल्याला तेही नीट जमत नाही. शेवटी जाड पडदे लावले आणि चित्र 120 इंचांवरून 90वर आणलं. तोच उजेड कमी जागेत पडल्यामुळे पावणेदोन पट दाट झाला. आता बरं दिसतं. नुसतं बरं, छान नाही.

पण 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'! जवळपास अख्खा एकाच खोलीत घडणारा हा सिनेमा मी आधी दोनदा फोनवर पाहिलेला, संवाद पाठ. सिडनी लुमेटने सुरुवातीला कॅमेरा नजरेच्या वर ठेवलाय, पुढे तो खाली खाली येतो आणि शेवटाकडे छत दिसायला लागतं. लेन्सही लांब पल्ल्याच्या होत जातात, त्यामुळे भिंती अंगावर येतात. हे वाचलेलं होतं, पण फोनवर कधी जाणवलं नव्हतं. या वेळी खोलीत कोंदटल्यासारखं झालं, उठून खिडकी उघडावीशी वाटली.

चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' तर मी फोनवर अर्ध्यात सोडला होता. कॅमेरा हलतच नाही म्हणून कंटाळलो होतो. भिंतीवर कळलं, तो हलत नाही कारण आपली नजर हलायला हवी. वकील बोलत राहतात आणि आपण मागच्या बाकांवरची माणसं न्याहाळत बसतो. कंटाळवाणा म्हणून चार जणांना सांगितलं होतं, ते शब्द मागे घेतले.

सेटिंगचं थोडक्यात. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा आणि यंत्र 60 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र दाखवणारं. हा हिशेब जुळत नाही, म्हणून कॅमेरा सावकाश फिरला की चित्र अडखळायचं. 24चा पर्याय मेनूत खोल दडलेला सापडला. कीस्टोन (तिरकं चित्र सरळ करणारं सेटिंग) बंदच ठेवा, सरळ करताना ते पिक्सेल खातं. त्यापेक्षा यंत्रच सरळ मांडा.

पंख्याचा आवाज मात्र गेला नाही. मारामारीच्या सिनेमात चालून जातो, पण 'पथेर पांचाली'त दुर्गा आजारी पडते त्या रात्री तो इतका खुपला की मी हेडफोन लावले. घरातल्या बाकीच्यांनी पंख्यासकटच पाहिला.