खांदेरी की कोर्लई: एका दिवसासाठी कोणते दीपगृह?

पुण्याहून एका दिवसात एखादे दीपगृह पाहून यावे असे मनात आले की निवड बहुधा खांदेरी आणि कोर्लई या दोघांपाशी येऊन अडते. मी दोन्हीकडे जाऊन आलो आहे, म्हणून उंची आणि अंतरांचा पाढा येथे पुन्हा वाचत नाही.

मान खांदेरीचा मोठा, हे आधीच कबूल करतो. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांचा विरोध न जुमानता या बेटावर तटबंदी उभारायला घेतली, दीपगृह आले १८६७ मध्ये, आणि २०२५ साली जागतिक वारसा ठरलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरीचेही नाव आहे. दगडाने ठोकल्यावर भांड्यासारखी वाजणारी तेथील शिळा मी स्वतः वाजवून पाहिली आहे.

मात्र तिच्यापर्यंत पोहोचायला मला दोन खेपा कराव्या लागल्या. पहिल्या वेळी पहाटे पाचला कोथरूडहून निघून दहाच्या सुमारास, बेटाकडे होड्या सुटतात त्या थळला पोहोचलो, तर होड्या चिखलात कलंडलेल्या. त्या दिवशी अष्टमी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हा कोकणातला साधा हिशेब. आठाचे सहा, म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळी सहाला आणि भर दुपारी पूर्ण ओहोटी. “साहेब, पंचांग बघून यायचं होतं,” एवढेच होडीवाला म्हणाला. दुसऱ्या खेपेस बेटावर उतरलो खरा, पण पाणी उतरण्यापूर्वी परतायचे म्हणून सगळा वेळ त्याच्या हाकेकडे कान लावून फिरलो.

कोर्लईला ही टांगती तलवार नाही. ताम्हिणी उतरून कोलाड-रोह्यामार्गे गेल्यास गाडी दीपगृहाजवळ पोहोचते आणि मागच्या पायऱ्यांनी पोर्तुगीजांचा किल्लाही होतो. परवानगी मिळाल्याने मी वर गेलो, तेव्हा भिंगाच्या एका लोलकात खालचा समुद्र उलटा टांगलेला दिसला. संध्याकाळी किनाऱ्यावर बसून राहिलो. अंधारून आले, कोणी जिना चढले नाही, आणि दिवा आपसूक लागला. दीपगृह पाहायचे ते यासाठी, असे निदान मला तरी वाटते.

ज्यांचे मन खांदेरीवरच बसले आहे त्यांनी पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचा रविवार धरावा. भरती दुपारी बाराच्या सुमारास येते. पावसाळ्यात मात्र तो विषय काढू नये.