स्प्लेंडर प्लस: गिअरच्या गाडीची धास्ती असलेल्यांसाठी, घाटातल्या वापरानंतर

गिअरची गाडी शिकायची इच्छा आहे पण हात-पाय लटपटतात, अशा कुणी विचारलं तर मी आज बिनदिक्कत स्प्लेंडरचं नाव घेईन. मायलेजसाठी नव्हे. ही गाडी हळू चालवता येते, आणि घाबरलेल्या माणसाला सगळ्यात आधी तेच हवं असतं.

माझी शाळा चाळकेवाडीच्या पठाराच्या बाजूला आहे. राहायला साताऱ्यात. बोगदा ओलांडायचा, सज्जनगडाचा फाटा मागे टाकायचा आणि ठोसेघरच्या दिशेने चढायचं. गावात स्कूटर चालवत होते, पण वरच्या उखडलेल्या रस्त्यावर तिची लहान चाकं खड्ड्यात बसायची. स्प्लेंडरची चाकं 18 इंची. तोच खड्डा आता नुसता जाणवतो, हँडल हातातून हिसकत नाही. गेल्या पावसाळ्याआधी गाडी घेतली, आता पुढचा उन्हाळा आलाय.

आधी कागदांचं. माझं लायसन्स विनागिअरचं होतं, ते या गाडीला चालत नाही. गिअरच्या वर्गासाठी पुन्हा लर्निंग काढावं लागलं. ते सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सच्या परीक्षेला 30 दिवसांनंतरच बसता येतं. मला हे 30 दिवस फार उपयोगी पडले. लर्निंगवर असताना शिकवणाऱ्याशिवाय मागे कुणाला बसवायचं नाही आणि गाडीला शिकाऊचा एल लावायचाच. एल बघून मागचे लोक थोडं अंतर ठेवतात, हा अनुभव.

शिकवलं धाकट्या दिराने. एका क्लासमध्ये चौकशी केली होती, तिथे पहिल्याच दिवशी रस्त्यावर काढतात म्हणे. दिराने मैदानात नेलं आणि ॲक्सिलरेटरला हातच लावू दिला नाही. "वहिनी, क्लच सोडू नका, सोडवत आणा." सपाट जागेवर पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडला की ही गाडी रेस न देताही चालू लागते. इंजिन 97.2 सीसीचं, पण कमी वेगातही ओढतं. क्लच हलका आहे, बोटं दुखत नाहीत. इंजिनचा आवाज किंचित दबतो आणि गाडी पुढे सरू बघते, ती जागा हाताला कळेपर्यंत दुसरं काही शिकायचं नाही, हा त्याचा नियम होता. माझी निम्मी भीती तिथेच गेली, कारण गाडी अंगावर उसळेल हीच तर भीती होती.

सीटची उंची 785 मिमी, वजन 112 किलो. माझी उंची बेताचीच, तरी दोन्ही पायांचे चवडे नीट टेकतात. गाडी एका बाजूला थोडी कलली तर सावरता येते. पेट्रोल भरायला उभी करताना, शाळेच्या उतारावर वळवताना याचं महत्त्व कळतं.

गिअर चार, सगळे पुढे दाबत टाकायचे आणि टाचेने उतरवायचे. चपलेचा पुढचा भाग खराब होत नाही हा वेगळा फायदा. मात्र मोठ्या गाड्यांमध्ये बहुधा एक खाली आणि बाकीचे वर असतात, तेव्हा दुसऱ्याची गाडी हातात घेताना आधी विचारून घ्या. आणखी एक गोष्ट नवशिक्याला कुणी सांगत नाही. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून थांबलं की काही सेकंदांनी इंजिन आपोआप बंद होतं, क्लच दाबला की परत सुरू. ही आयथ्रीएसची सोय आहे, बिघाड नव्हे. सुरुवातीला पोवई नाक्यावर प्रत्येक वेळी वाटायचं की गाडी बंद पडली. बटण आहे, शिकेपर्यंत ते बंद ठेवा.

स्कूटरवरून येणाऱ्यांनी डाव्या हाताकडे फार लक्ष द्यावं. स्कूटरला तिथे ब्रेक असतो, इथे क्लच. दचकून तो आवळला तर गाडी थांबत नाही, उलट मोकळी सुटते. उतारावर हे धोक्याचं आहे. घाट उतरताना मी दुसरा गिअर ठेवते, क्लचला हात लावत नाही, इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेक दोन्हीकडे ड्रमचे आहेत. मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो, त्यामुळे घाबरून एकच ब्रेक दाबणाऱ्यालाही आधार मिळतो. पण ड्रममध्ये पाणी गेलं की काही क्षण ब्रेक कमी लागतो. पाण्यातून बाहेर आल्यावर हळू चालवत ब्रेक दोन-तीनदा हलका दाबून घ्यायचा, मग वेग वाढवायचा.

चढावर थांबून निघणं हा सगळ्यात कठीण भाग. उजवा पाय मागच्या ब्रेकवर, डावा जमिनीवर, क्लच त्या ओळखीच्या जागेपर्यंत, थोडी रेस, आणि गाडी ओढू लागली की मगच ब्रेक सोडायचा. साताऱ्यात सराव करायला चढांची कमतरता नाही. आरटीओच्या परीक्षेत आठचा आकडा काढायचा होता, पाय न टेकता. तिथेही हेच कामी आलं: अर्धा क्लच, मागचा ब्रेक जरासा, आणि नजर चाकाकडे नाही तर पुढच्या वळणाकडे.

पठारावर पवनचक्क्या उगाच नाहीत. पावसाळ्यात आडवा वारा एवढ्या हलक्या गाडीला बाजूला ढकलतो. हँडल घट्ट आवळलं की जास्त डगमगते. हात सैल, गुडघे टाकीला टेकवलेले, वेग चाळीसच्या आत, असं केलं की निघून जाते. ओढणी जॅकेटच्या आत, कायम.

मायलेज घाटातही साठच्या आसपास मिळतं. टाकी 9.8 लिटरची, त्यामुळे आठवडाभर पंपाकडे बघावं लागत नाही.

शिकण्यापुरती जुनी घेणार असाल तरी हेच मॉडेल बघा. स्प्लेंडर 1994 पासून रस्त्यावर आहे, पार्ट ठोसेघरसारख्या गावातल्या मेकॅनिककडेही सापडतात. फक्त घेतल्या घेतल्या क्लचची केबल नवी टाका आणि लीव्हरच्या टोकाला साधारण 10 ते 20 मिमी ढिलाई ठेवून घ्या. झिजलेल्या केबलवर क्लचची ती जागा रोज बदलते, आणि मग शिकणाऱ्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही.