ब्राउन्सची 12 नंबरची शिवलेली जर्सी: घ्यावी का?

आधी जर्सीबद्दल लिहायचं आणि मॅचबद्दल नंतर असं ठरवून बसलो होतो पण ते दोन्ही वेगळं करता येत नाहीये, कारण ही जर्सी पोराच्या अंगावर पहिल्यांदा चढली तीच 7 डिसेंबर 2025 च्या रविवारी, टायटन्सशी झालेल्या ब्राउन्सच्या मॅचला (ब्राउन्स म्हणजे आमच्या क्लीव्हलँडची अमेरिकन फुटबॉलची टीम), आणि ती मॅच आम्ही 31-29 अशी हरलो, तेही अशा टीमकडून जिने त्या दिवसापर्यंत अख्ख्या सीझनमधे एकच मॅच जिंकली होती. घरी येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. तरीही रिव्ह्यू लिहितोय कारण ग्रुपवर तीन-चार जणांनी विचारलं की आपला नवा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून टीमचा हल्ला चालवणारा खेळाडू, शेडूर सँडर्स याची 12 नंबरची जर्सी आत्ता घ्यावी का थांबावं.

आधी वस्तू. ही जर्सी दोन प्रकारांत मिळते, एक छापील, म्हणजे नाव नंबर कपड्यावर प्रिंट केलेला, आणि दुसरी शिवलेली, म्हणजे जाड कापडाची अक्षरं कापून ती मशीनवर झिगझॅग टाके घालून वर बसवलेली. शिवलेली महाग आहे, दीडशे डॉलरच्या पुढे जाते, छापील त्यापेक्षा बरीच स्वस्त. मी दोन्ही वापरलेत म्हणून ठामपणे सांगतो, घ्यायची तर शिवलेलीच घ्या. 2018 मधे तेव्हाचा क्वार्टरबॅक मेफील्ड याची 6 नंबरची छापील घेतली होती, दोन वर्षांत सहाच्या पोटात बारीक बारीक भेगा पडल्या, नंतर तर बोटाने खपली निघावी तसा रंग निघायला लागला. चूक थोडी आमचीही होती, ड्रायरमधे टाकायचो. पण शिवलेल्या जर्सीला हे होतच नाही. नव्या 12 नंबरचे टाके मी खिडकीत उजेडात धरून बघितले, एकाच्या वरच्या कोपऱ्यापासून दोनच्या शेपटीपर्यंत सगळे टाके एकसारखे, अंक दोन थरांचा आहे, वरच्या रंगाखाली दुसऱ्या रंगाची किनार आणि दोन्ही थर वेगवेगळे शिवलेत. फक्त दोनच्या खालच्या टोकाला एक धागा सुटलेला होता. असा धागा ओढायचा नाही बरं का, कात्रीने कापायचा, ओढलात की टाक्यांची अख्खी ओळ गोळा होते.

साईझबद्दल महत्त्वाचं. एरी लेकच्या काठावर आपलं स्टेडियम, डिसेंबरमधे पाण्यावरून जो वारा येतो तो हाडात जातो, त्यामुळे जर्सी जॅकेटच्या वरून घालायची असते, आतून घातली तर दिसणार कोणाला. म्हणून पोरासाठी एक साईझ मोठी मागवली आणि ते बरोबर ठरलं. जॅकेटवर घट्ट बसली नाही, हात वर करता येत होते. घरात नुसत्या टीशर्टवर मात्र ती गुडघ्यापर्यंत लोंबते, त्याला त्याचं काही नाही.

आता खरा प्रश्न, नाव कोणाचं.

क्लीव्हलँडमधे क्वार्टरबॅकच्या नावाची जर्सी घेणं म्हणजे काय असतं ते बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड आहे. टीम 1995 च्या सीझननंतर बाल्टिमोरला गेली, नाव, रंग, इतिहास सगळं लीगने इथेच ठेवलं आणि 1999 ला टीम पुन्हा उभी राहिली. तेव्हापासून सँडर्स हा 42 वा स्टार्टिंग, म्हणजे मॅच सुरुवातीपासून खेळलेला, क्वार्टरबॅक आहे. बेचाळीस! एके काळी डाउनटाउनमधे एका ऑफिसच्या खिडकीत जुना क्वार्टरबॅक टिम काऊच याची जर्सी लावलेली असायची आणि तिच्यावर त्याच्या नंतरच्या सगळ्यांची नावं, एकाखाली एक, आधीचं खोडलेलं. मी इथे नवीन आलो तेव्हा ऑफिसमधल्या एकाने मुद्दाम गाडी वळवून ती दाखवली होती. मला वाटलं गंमत आहे. त्याचा चेहरा बघितला तर तो हसत नव्हता.

आमच्या घरात कपाटात तेच झालंय. मेफील्ड 2018 च्या ड्राफ्टमधला (दरवर्षी टीम नवे खेळाडू निवडतात तो) पहिल्या नंबरचा पिक, 20 सप्टेंबर 2018 ला जेट्सच्या मॅचमधे मधूनच आत आला आणि 21-17 जिंकून दिली, त्याआधी 19 मॅच टीमला विजय नव्हता. जानेवारी 2021 मधे प्लेऑफमधे, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, पिट्सबर्गला त्यांच्याच घरी 48-37 हरवलं. पुढच्या सीझनला तो खांदा दुखावलेला असताना खेळत राहिला, टीम ढेपाळली, आणि 2022 मधे आपण त्याला सोडून वॉटसनला आणलं, तीन पहिल्या राऊंडचे पिक दिले आणि वर 23 कोटी डॉलरचा पूर्ण गॅरंटीचा करार. वॉटसनवर अनेक महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले होते, पुढे लीगने 11 मॅचची बंदी आणि 50 लाख डॉलर दंड केला. ती 4 नंबरची जर्सी मी घ्यायला नको होती. टीमने आणलाय म्हणजे विचार केला असेल असं स्वतःला सांगितलं आणि घेतली, एकदाच घातली, बायकोने काही न बोलता माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं. तेव्हापासून ती कपाटाच्या तळाशी.

गेल्या महिन्यात आई आलीये सहा महिन्यांसाठी, तिने कपाट आवरताना ती काढली आणि म्हणाली एवढं चांगलं कापड पडून का ठेवलंय रे, नाव नको असेल तर उसवून टाकते. आणि बसली चष्मा लावून. टाके उसवायचं छोटं हत्यार तिने येताना सोबत आणलंच होतं. सहा अक्षरं, प्रत्येकाचा टाका टाका वेगळा, डब्ल्यूला सगळ्यात जास्त वेळ लागला कारण कोपरेच कोपरे. दोन दुपारी गेल्या. अक्षरं निघाल्यावर खाली काय दिसलं तर तिथला चॉकलेटी रंग बाकीच्या जर्सीपेक्षा गडद, नवा कोरा, आणि कडेने सुईच्या भोकांच्या रांगा. लांबून काही नाही पण जवळ गेलं की नाव अजून वाचता येतं. आईने वाफेची इस्त्री फिरवली, भोकं थोडी बुजली, रंग तसाच राहिला. तर ही शिवलेल्या जर्सीची चांगली आणि वाईट बाजू एकच, नाव काढता येतं, पण पूर्ण जात नाही.

एवढं सगळं होऊनही पोराला 12 नंबर घेऊन दिला कारण तो दहा वर्षांचा आहे, त्याने मेफील्ड पाहिलेला आठवत नाही, आणि हा खेळाडू त्याने स्वतः निवडलाय. एप्रिलच्या ड्राफ्टमधे सँडर्स पहिल्या राऊंडमधे जाईल असं लोक म्हणत होते आणि तो पडत पडत पाचव्या राऊंडमधे 144 वर आला, आणि आपल्याच टीमने त्याच्या आधी तिसऱ्या राऊंडमधे गॅब्रिएल या दुसऱ्या क्वार्टरबॅकला घेतलेलं. तीन दिवस पोरगं टीव्हीसमोरून हललं नाही. नंतर सीझन सुरू झाला तो 40 वर्षांच्या फ्लॅकोने, चार मॅचनंतर गॅब्रिएल, फ्लॅकोला ऑक्टोबरमधे थेट सिनसिनाटीला ट्रेड केलं, नोव्हेंबरमधे रेव्हन्सच्या मॅचला गॅब्रिएलच्या डोक्याला लागलं आणि मग सँडर्स आत. पहिला स्टार्ट लास वेगासला, 24-10 जिंकली. करिअरचा पहिलाच स्टार्ट आणि विजय, हे ब्राउन्सच्या क्वार्टरबॅकला 1995 नंतर पहिल्यांदा जमलं. त्याच रात्री मी जर्सी ऑर्डर केली.

आणि मग हा रविवार. सँडर्सने 364 यार्ड फेकले, तीन टचडाउन पास (टचडाउनचे सहा पॉइंट), एक टचडाउन स्वतः पळून. चुका होत्या, एक इंटरसेप्शन आहे, म्हणजे पास समोरच्या टीमने पकडला, बॉल हातात धरून ठेवायची सवय आहे, पॉकेटमधून, म्हणजे लाईनने राखलेल्या जागेतून, मागे मागे पळत जातो आणि नसलेलं संकट ओढवून घेतो, हे सगळं मला दिसतं, मी आंधळा फॅन नाही. पण हरलो ते त्याच्यामुळे नाही. टोनी पोलार्ड आपल्या डिफेन्समधून 161 यार्ड पळाला, तो पळत होता आणि आपण बघत होतो. तरी 31-17 वरून सँडर्सने टीमला 31-29 पर्यंत आणलं, घड्याळात साधारण मिनिटभर बाकी, टचडाउननंतरचा जादा दोन पॉइंटचा प्रयत्न, जमला तर बरोबरी. दोन यार्ड. आणि तेव्हा 12 नंबर मैदानाबाहेर चालत आला.

बॉल थेट रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) जडकिन्सकडे स्नॅप केला, म्हणजे प्ले सुरू करताना मागे दिला, ट्रिक प्ले होता, फसला. पुढे ऑनसाइड किकही, म्हणजे बॉल परत मिळवायला मारलेली आखूड किक, हाती लागली नाही आणि संपलं. मला प्ले फसल्याचं एवढं वाटत नाही, प्ले फसतात. माझ्या शेजारी पोरगं उभं होतं, जर्सीच्या बाह्या जॅकेटवर ओढून घेतलेल्या, आणि त्याने विचारलं, "बाबा, ट्वेल्व्ह बाहेर का चाललाय? आत्ता तर त्यानेच टचडाउन केला ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. हा प्ले आम्ही सरावात बसवला होता वगैरे जे काही असेल ते असो, पण ज्याच्या हाताने तुम्ही 14 पॉइंटचा खड्डा भरत आणलात त्याच्याच हातातून शेवटच्या दोन यार्डासाठी बॉल काढून घेता, तर त्याला काय सांगताय? आणि मला वाटतं आपला क्वार्टरबॅकचा रोग हाच आहे, गेली 26 वर्षं. माणूस वाईट निघतो असं नाही दरवेळी, आपण त्याला पुरता होऊच देत नाही. मेफील्ड टॅम्पाला जाऊन काय खेळला बघा. फ्लॅको 2023 मधे घरी बसलेला होता, 38 वर्षांचा, आणला तर पाचपैकी चार मॅच जिंकल्या, प्लेऑफला नेलं, तिथे ह्यूस्टनने 45-14 धुतलं हे खरं, पण पुढच्या वर्षी त्याला ठेवलं नाही. क्वार्टरबॅकला वाचवणारी एक लाईन उभी करायची, एक माणूस तिच्यामागे ठेवायचा आणि त्याच्या चुकांसकट दोन सीझन थांबायचं, एवढं एकदाही पूर्ण केलेलं मला आठवत नाही.

याचा जर्सीशी संबंध आहे. ज्यांना भीती आहे की पैसे वाया जातील त्यांना माझा सरळ सल्ला, 73 घ्या. जो थॉमस, क्वार्टरबॅकला वाचवणारा लाईनमन. लागोपाठ 10,363 स्नॅप खेळला तो माणूस, एकही न चुकवता, 2007 पासून 2017 मधे दंडाचा स्नायू फाटेपर्यंत, तोही टायटन्सच्याच मॅचमधे, आणि त्या काळात त्याने 20 वेगवेगळ्या क्वार्टरबॅकांसाठी ब्लॉक केलं. वीस जण आले आणि गेले आणि हा डावीकडे तिथेच उभा. 2023 ला हॉल ऑफ फेममधे गेला, ते नाव कधी उसवावं लागणार नाही. नाहीतर 95, डिफेन्सचा गॅरेट, तो या 2025 च्या सीझनमधे साडेबावीस सॅकच्या (सॅक म्हणजे बॉल फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) रेकॉर्डच्या मागे लागलाय आणि रविवार कितीही वाईट असला तरी त्याचा खेळ बघून पैसे वसूल होतात.

पण घरात लहान मूल असेल आणि त्याने 12 नंबर मागितला असेल तर द्या घेऊन. शिवलेली घ्या, एक साईझ मोठी घ्या, मोठ्या ऑनलाइन सेलच्या मागे लागून कुठल्या तरी अनोळखी साईटवरून घेऊ नका, आमच्या ओळखीतल्या एकाची अशी आली तेव्हा चॉकलेटी रंग चक्क लालसर होता आणि नंबर वाकडा बसवलेला, परत घ्यायला कोणी नाही. धुताना उलटी करायची, गार पाणी, ड्रायर अजिबात नाही. पाचपैकी साडेचार स्टार देतोय, अर्धा त्या सुटलेल्या धाग्यासाठी आणि किमतीसाठी कापला.

सोमवारी कोचने सांगितलं की उरलेल्या सगळ्या मॅचना सँडर्सच खेळणार. पोराने शाळेतून आल्या आल्या विचारलं, खरंय का, मी म्हटलं खरंय, मग त्याने जर्सी शोधली तर ती मशीनमधे होती कारण रविवारी त्यावर चीज सांडलेलं, ते निघालं बरं का, डाग राहिला नाही. या रविवारी शिकागोला बेअर्सशी आहे, दुपारी 1 ला. तीन विजय, दहा पराभव, आणि तिकडे थंडी आपल्यापेक्षा जास्त. जर्सी बेसमेंटमधे दोरीवर वाळत घातलीये, आईने खालून दोन्ही बाह्या ओढून सरळ केल्यात, शनिवारपर्यंत वाळेल.