पेटरसन देतो, व्हँकुव्हरचा

टोरोंटोच्या आसपास नोकरीला आलेल्या मराठी माणसाला ऑक्टोबरात ऑफिसातून हमखास विचारणा होते: आमच्या फँटसी हॉकी लीगमध्ये येतोस का? जरूर जा, चार माणसांची ओळख होते. पण लीगमधला एखादा हसतमुख, सगळ्यांसाठी डोनट आणणारा जुना गडी "एक छोटासा ट्रेड करू या" म्हणाला, तर आधी हे वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही हॉकी बर्फावरची, एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या व्यावसायिक लीगची. ड्रीम इलेव्हनसारखा इथे रोज नवा संघ लावायचा नसतो. सुरुवातीला पाळीपाळीने खेळाडू निवडायचे आणि अख्खा हंगाम त्यांच्याच जिवावर काढायचा. खऱ्या सामन्यात त्यांनी गोल केले, असिस्ट दिले (म्हणजे सोबत्याच्या गोलला पास पुरवला) की आपल्याला गुण. खेळाडूचे गुण म्हणजे त्याचे गोल आणि असिस्ट यांची बेरीज. आमच्या लीगमध्ये काही खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखूनही ठेवता येतात, त्यामुळे खेळाडूंची देवघेव, म्हणजे ट्रेड, भर उन्हाळ्यातही सुरू असते. फसवणूक होते ती या देवघेवीत.

आमच्या डोनटवाल्याची खासियत अशी की तो खोटं बोलत नाही. एकदाही नाही. त्याचं प्रत्येक वाक्य तपासून घ्या, खरंच निघेल. म्हणून तर त्याच्यावर बोट ठेवता येत नाही.

2022 चा उन्हाळा. त्याने मला जोनाथन ह्युबर्डो देऊ केला. म्हणाला, "115 गुण केलेत गेल्या हंगामात. त्याच्या पुढे फक्त मॅकडेव्हिड." अगदी खरं. "85 असिस्ट." तेही खरं. बदल्यात काय हवं? बफेलोचा टेज थॉम्प्सन. बिचारा एकच हंगाम चमकलेला, 38 गोलांचा. त्याआधी एकाही हंगामात त्याचे दोन आकडी गोल नव्हते. शेजारी बसून, माझ्याबद्दल काळजी वाटतेय अशा आवाजात तो म्हणाला, "एका हंगामावर किती विश्वास ठेवायचा?"

जे त्याने सांगितलं नाही ते असं. ह्युबर्डोचे ते 115 गुण फ्लोरिडाकडून खेळताना झाले होते आणि त्या वर्षी लीगमध्ये सर्वांत जास्त गोल फ्लोरिडानेच मारले होते. 85 असिस्ट म्हणजे काय, तर 85 वेळा गोल दुसऱ्या कुणी तरी केला. जुलैमध्ये फ्लोरिडाने त्याला कॅल्गरीला देऊन मॅथ्यू कचक घेतला. कॅल्गरीत गोल करणारे ते सोबती नव्हते आणि खेळण्याची ती मोकळी पद्धतही नव्हती. पुढच्या हंगामात ह्युबर्डोचे गुण झाले 55. थॉम्प्सनचे झाले 94, त्यात 47 गोल. एप्रिलपर्यंत मी कॅल्गरीचे सामने रात्री जागून पाहिले. पश्चिमेकडचे सामने आमच्याकडे उशिरा सुरू होतात, हा त्यातला बोनस.

समाधान एवढंच की कॅल्गरीच्या पगारी तज्ज्ञांनीही तेच 115 पाहिले आणि ह्युबर्डोशी 8 वर्षांचा 8 कोटी 40 लाख डॉलरचा करार केला. माझे फक्त लीगच्या वर्गणीचे गेले. कचकने पहिल्याच हंगामात 109 गुण केले आणि फ्लोरिडाने 2024 आणि 2025 असे लागोपाठ दोन स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं, उचलले.

टोरोंटोकरांना तर हा प्रकार नवा नसावा. 2006 मध्ये टोरोंटोच्याच मेपल लीफ्सनी बॉस्टनचा गोलकीपर अँड्र्यू रेक्रॉफ्ट घेतला. का, तर 2004 मध्ये त्याला सर्वोत्तम नवोदिताची कॅल्डर ट्रॉफी मिळाली होती. खरीच मिळाली होती! बदल्यात दिलेल्या टुका रास्कने पुढे बॉस्टनसाठी 2014 ची व्हेझिना ट्रॉफी मिळवली, म्हणजे त्या वर्षीचा लीगमधला सर्वोत्तम गोलकीपर. लीफ्सचे चाहते 1967 पासून कपची वाट पाहतायत.

पण ह्युबर्डो प्रकरणाला निदान अंदाज चुकला म्हणता येईल. खरी हातचलाखी पुढेच आहे. आमच्या लीगमध्ये एक नागपूरकर आहे. 2025 च्या वसंतात त्याला डोनटवाल्याचा मेसेज आला: "पेटरसन देतो, व्हँकुव्हरचा. तुझा दुसरा गोलकीपर दे." एलियास पेटरसन म्हणजे 2022-23 मध्ये 102 गुण केलेला सेंटर, म्हणजे आक्रमक खेळाडू. 2024-25 च्या हंगामात मात्र तो थंडच होता, त्यामुळे स्वस्तात का मिळतोय याचा खुलासाही आयताच तयार. नागपूरकराने फोनवरूनच 'स्वीकार' दाबलं. आता गंमत बघा. त्याच जानेवारीपासून व्हँकुव्हरकडे दुसरा एलियास पेटरसन खेळू लागला होता. नाव तेच, देश तोच स्वीडन, जर्सीचा रंगही तोच. फक्त हा बचावपटू, गोल करणं हे त्याचं कामच नाही. ॲपमध्ये नावापुढे बारीक अक्षरात मैदानावरची खेळायची जागा लिहिलेली असते, एवढाच काय तो फरक. तक्रार केली तर उत्तर मिळालं, "मी व्हँकुव्हरचाच दिला ना?"

तीन खेळाडू देऊन एक मागणे, ही त्याची रोजची भाजी-भाकरी. तिघांच्या गुणांची बेरीज जास्त दिसते, पण त्यांना जागा करायला आपलेच दोघे सोडावे लागतात. शिवाय शनिवारी जवळजवळ सगळे संघ खेळतात, तेव्हा नवे पाहुणे आपल्या बाकावर बसून असतात. सोडलेल्या दोघांपैकी बरा कोण, हे त्याने आधीच हेरलेलं असतं.

आणि मेहुणा. लीगमध्ये त्याच्या मेहुण्याचाही संघ आहे. मार्चमध्ये, त्या संघाची जिंकायची आशा संपली की त्यातले चांगले खेळाडू किरकोळ मोबदल्यात डोनटवाल्याकडे जातात. आक्षेप घ्यायला मतदान असतं. पण मतं मोजणारा लीगप्रमुख कोण? डोनटवालाच. आमच्याकडे असल्या व्यवहाराला घरचं कार्य म्हणतात, इथे ट्रेड म्हणतात.

यंदा आम्ही चौघांनी मिळून अटी घातल्या. प्रत्येक ट्रेड एक दिवस थांबवायचा, खेळाडूची जागा आणि जर्सीचा नंबर लिहायचा, आणि मतं मेहुणा-भावजी सोडून तिसऱ्याने मोजायची. तो सगळ्याला हसत हो म्हणाला, वर डोनटही आणले. त्याच संध्याकाळी नागपूरकराला नवा मेसेज: "ह्यूज देतो, न्यू जर्सीचा."

न्यू जर्सीकडे ह्यूज दोन आहेत, सख्खे भाऊ. जॅक सेंटर, ल्यूक बचावपटू. नागपूरकराने या वेळी काही दाबलं नाही. मेसेज जसाच्या तसा आमच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "हा कोन्ता व्हय बे?"