तीन एक्स्ट्रॅक्टर आणि बेळगावच्या अकरा फेऱ्या: .32 पिस्तुलाचा अडीच वर्षांचा अनुभव

हे पिस्तूल मी नोव्हेंबर 2022 मध्ये घेतले. आकार, वजन, मॅगझिनची क्षमता ही माहिती परवानाधारकांना ठाऊक असते, तिची उजळणी येथे करत नाही. कंपनीचे आणि मॉडेलचे नावही लिहीत नाही, कारण तिच्याशी माझा पत्रव्यवहार अजून संपलेला नाही. निपाणी भागात तंबाखूचा व्यवहार करणाऱ्याला हंगामात शेतकऱ्यांच्या दारात रोख रक्कम घेऊन जावे लागते आणि परतताना अंधार पडतो, एवढ्याच कारणासाठी मी परवाना काढला होता. हौस नव्हती, आजही नाही. त्यामुळे हा अभिप्राय नेमबाजाचा नसून, लाखाच्या घरात पैसे मोजून 450 रुपयांच्या एका सुट्या भागापायी हैराण झालेल्या व्यापाऱ्याचा आहे, असे समजून वाचावे.

चांगले ते आधी सांगतो. मूठ हातात नीट बसते, सदऱ्याखाली पिस्तूल दिसत नाही आणि खटका जड असला तरी दर वेळी सारखाच चालतो. सोबत मिळालेले नायलॉनचे म्यान निकृष्ट होते, म्हणून अथणीच्या एका चर्मकाराकडून चामड्याचे करून घेतले. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात आपला बेळगाव जिल्हाही आहे हे अनेकांना माहीत नसते, पण त्या कारागिराची शिलाई पाहिली की त्याचे नवल वाटत नाही. मात्र त्या म्यानात पिस्तूल रात्रभर ठेवू नये, कारण चामडे ओल धरते आणि पावसाळ्यात स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर, तांबूस ठिपके येतात.

आता मूळ विषय. या पिस्तुलाचा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतुसाच्या बुडाची कड पकडून ते नळीतून बाहेर ओढणारा, टोकाला आकडा असलेला छोटा भाग, तुटतो. एकदा नव्हे, माझ्याकडे तीनदा तुटला आहे: पिस्तुलातून एकूण 31, 58 आणि 97 गोळ्या झाडून झाल्यावर.

पहिल्यांदा तो फेब्रुवारी 2023 मध्ये सरावाच्या वेळी तुटला. रिकामी पुंगळी बाहेर फेकली न जाता स्लाइडच्या तोंडाशी आडवी अडकली. प्रथम मला काडतुसाचा दोष वाटला. .32 एसीपी हे जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेचे, 1899 पासूनचे काडतूस असून त्याच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते, त्यामुळे मॅगझिनमध्ये एका काडतुसाची कड दुसऱ्याच्या कडेमागे अडकू शकते, हे मी ऐकून होतो. त्यानंतर संशय गेला वखारीतल्या धुळीवर. तंबाखूची भुकटी कोठे शिरत नाही? घड्याळात शिरते, हिशेबाच्या वह्यांत शिरते, जेवणाच्या डब्यातही शिरते. पिस्तूल उघडून, जुन्या दातांच्या ब्रशने साफ करून पाहिले, तेव्हा एक्स्ट्रॅक्टरच्या टोकाचा आकडाच जागेवर नसल्याचे दिसले.

येथून सीमाभागाचे खास दुखणे सुरू झाले. निपाणीहून कोल्हापूर 40 किलोमीटर, बेळगाव सुमारे 75. कोल्हापूरच्या विक्रेत्याच्या खणात हा सुटा भाग तयार होता. फोनवर तो म्हणाला, “पिस्तूल आणि परवाना घेऊन या, रजिस्टरला नोंद करतो आणि तासाभरात बसवून देतो.” परंतु माझ्या परवान्याची हद्द कर्नाटक राज्यापुरती आहे. कोगनोळी नाका ओलांडून दूधगंगेच्या पुलापर्यंत मी परवानाधारक, पुलापलीकडे तेच पिस्तूल कमरेला असले तर गुन्हेगार. लग्नकार्य, दवाखाना, बाजार या सगळ्यासाठी ज्या पुलावरून आम्ही आठवड्यातून दोनदा जातो, तो या एका वस्तूसाठी बंद. कुरिअरने भाग पाठवा म्हणावे, तर 1959 च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे सुटे भागही येतात, म्हणून विक्रेता तयार होईना, आणि त्यात त्याची चूकही नव्हती.

मग हत्तरगीचा टोल भरत बेळगाव गाठले. तिथल्या विक्रेत्याने मागणी नोंदवली. भाग यायला दीड महिना लागला आणि तो आला तेव्हा विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागून पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा झालेले होते. मतदान 10 मे 2023 रोजी झाले, निकाल लागले, पिस्तूल परत मिळाले आणि मी बेळगावला गेलो, तेव्हा तो भाग दुसऱ्या ग्राहकाला बसवून झाला होता. पुन्हा मागणी, पुन्हा फेऱ्या. एकूण अकरा फेऱ्या, म्हणजे 1,650 किलोमीटर, या आकड्याचा मोठा भाग असा जमला. पेट्रोल आणि टोल मी वहीत वेगळ्या पानावर मांडून ठेवला आहे. बेरीज येथे लिहीत नाही, कारण घरची मंडळीही हे वाचतील.

दुसऱ्या खेपेचा प्रसंग मात्र गंभीर होता आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तोच आहे.

लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता 16 मार्च 2024 रोजी लागू झाली आणि शस्त्र जमा करण्याची सूचना आली. निघण्यापूर्वी घरी मी नेहमीप्रमाणे मॅगझिन काढले आणि स्लाइड मागे ओढली. काहीच बाहेर पडले नाही. आदल्या रात्रीच चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसण्याची जागा) रिकामा केला असावा, असे मी गृहीत धरले. त्यानंतर सवयीने काडतुसे मोजली. परवान्यावर एका वेळी 25 काडतुसे बाळगण्याची मुभा आहे, आणि एकेका काडतुसाची किंमत पाहता मी ती सोन्याच्या मण्यांसारखी मोजतो. 24 भरली. खाटेखाली पाहिले, कपाट रिकामे केले, गाडीच्या आसनाखाली हात घातला. पत्नीने विचारले, “अहो, एका गोळीसाठी एवढा गोंधळ?” शेवटी सहज विजेरीचा झोत चेंबरमध्ये टाकला, तर आत पितळ चमकत होते.

एक्स्ट्रॅक्टरचा आकडा पुन्हा तुटलेला होता. साध्या ब्लोबॅक रचनेच्या पिस्तुलात गोळी सुटल्यावर वायूचा दाबच रिकामी पुंगळी मागे ढकलतो, त्यामुळे एक्स्ट्रॅक्टर तुटला तरी पिस्तूल कित्येकदा चालते आणि बिघाड लक्षात येत नाही. न उडालेल्या काडतुसामागे मात्र असा दाब नसतो. त्याला बाहेर ओढणारी वस्तू ती एकच, आणि ती नसेल तर स्लाइड कितीही वेळा ओढा, जिवंत काडतूस चेंबरमध्येच राहते आणि माणूस मात्र पिस्तूल रिकामे झाले असे समजतो. मी ते तसेच ठाण्याच्या टेबलावर ठेवणार होतो. परसात जाऊन, स्लाइड मागे अडकवून, नळीचे तोंड वर धरले आणि मूठ हलकेच आपटली, तेव्हा ते काडतूस आपल्या वजनाने खाली घसरले. कंजूषपणावरून मला घरात पुष्कळ ऐकावे लागते; त्या दिवसापासून काडतुसांच्या मोजणीपुरते तरी कोणी बोलत नाही.

या प्रसंगानंतर कंपनीविषयी माझे मत इतके कडवट झाले होते की बेळगावला हे पिस्तूल दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींसमोर मी अर्धा तास बोलत राहिलो. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “अण्णा, पहिलं काडतूस तुम्ही कसं भरता?” मी सांगितले की मॅगझिन पूर्ण भरलेले राहावे म्हणून एक काडतूस हाताने थेट चेंबरमध्ये टाकतो आणि स्लाइड सोडतो. त्यांनी कपाळाला हात लावला. काडतूस मॅगझिनमधून वर येते, तेव्हा त्याची कड खालून सरकत एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली अलगद बसते. चेंबरमध्ये आधीच बसलेल्या काडतुसावर स्लाइड आदळली, की आकड्याला त्या कडेवरून उडी मारून पलीकडे जावे लागते. मी हे जवळजवळ रोज करत होतो. घरी येऊन माहितीपुस्तिका काढली. काडतूस नेहमी मॅगझिनमधूनच भरावे, असे एक वाक्य तिच्यात होते. बारीक टाइपात होते, पण होते.

माझी दुसरी चूकही त्यांनीच दाखवली. काटकसर म्हणून मी वर्षभर तेच एक काडतूस चेंबरमध्ये भरत आणि काढत होतो. नव्या काडतुसाशेजारी उभे केल्यावर त्याची लांबी कमी दिसली. वारंवार आदळून गोळी पुंगळीत मागे दबली होती. अशा काडतुसात दाब वाढतो, ते उडवू नये. ते त्यांच्याकडेच ठेवून आलो. तेव्हापासून मी चेंबर रिकामा ठेवूनच पिस्तूल बाळगतो. ज्यांनी माझ्यासारखी सवय लावून घेतली असेल, त्यांनी कंपनीला शिव्या देण्याआधी ती बदलावी. पहिल्या दोन तुटींचा दोष मी बराचसा स्वतःकडे घेतो.

तिसऱ्या तुटीचा घेत नाही. लोकसभेनंतर पिस्तूल परत आले, नवा एक्स्ट्रॅक्टर बसला, मी प्रत्येक काडतूस मॅगझिनमधूनच भरले, प्रत्येक सरावानंतर आकड्याखालची काजळी काढली, आणि तरीही तो 39 गोळ्यांत गेला. मिस्त्रींनी तुटलेला तुकडा भिंगाखाली दाखवला. तुटलेली जागा साखरेच्या दाण्यांसारखी चमकत होती. धातू गरजेपेक्षा कडक राहिला की तो वाकत नाही, काचेसारखा तुटतो, असे त्यांचे म्हणणे होते, आणि चाळीस वर्षे हेच काम केलेल्या माणसाचे ते म्हणणे असल्यामुळे मी ते मानतो.

कंपनीला तीन पत्रे लिहिली. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला इंग्रजीतून उत्तर आले की वॉरंटीची मुदत संपली आहे. त्या मुदतीतला निम्म्याहून अधिक काळ पिस्तूल एक तर भागाची वाट पाहत पडून होते किंवा ठाण्यात जमा होते, हे त्यांनी विचारात घेतले नाही. तिसऱ्या पत्रासोबत तुटलेल्या तिन्ही तुकड्यांची छायाचित्रे जोडली. त्यावर पिस्तूल तपासणीसाठी कारखान्यात आणावे, असे सुचवण्यात आले. कारखाना राज्याबाहेर आहे. म्हणजे परवान्याची हद्द वाढवून घेण्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज, कन्नडमधला नमुना, पोलिसांचा अहवाल आणि मग प्रवास, आणि हे सर्व 450 रुपयांच्या भागासाठी.

विकून टाका, असा सल्ला अनेकांनी दिला. पण पिस्तूल विकणे म्हणजे मोटारसायकल विकणे नव्हे. घेणाऱ्याकडे परवाना हवा, परवानगी हवी, आणि तीन एक्स्ट्रॅक्टर गेल्याचे सांगितल्यावर भाव काय येणार? न सांगता विकणे माझ्याकडून होणार नाही, ठाण्यात जाण्यापूर्वी चेंबरमध्ये सापडलेले ते काडतूस मला अजून आठवते.

आज मे 2025 मध्ये चौथा एक्स्ट्रॅक्टर बसलेला आहे. तो वेगळ्या खेपेतला आहे, त्याचा रंगही थोडा मळकट आहे. त्याच्यावर 43 गोळ्या झाल्या आहेत, म्हणजे आतापर्यंत सर्वांत जास्त टिकलेला तोच, म्हणून माझे मत पुन्हा किंचित नरमले आहे. तरी पिस्तूल रिकामे करताना मॅगझिन काढणे, स्लाइड तीनदा ओढणे, विजेरीने चेंबर पाहणे आणि करंगळीचे टोक आत घालून चाचपणे, हा क्रम मी एकदाही चुकवत नाही. पाचव्या आणि सहाव्या भागाचे 900 रुपये बेळगावच्या विक्रेत्याकडे आगाऊ भरले आहेत. माझ्या नावाची चिठ्ठी लावून ते त्याच्या खणात ठेवले आहेत, आणि या वेळी ते दुसऱ्या कोणाला देणार नाही, असे त्याच्याकडून पावतीवर लिहून घेतले आहे.