जुनं व्हिक्टा घ्यावं की स्कॉट बॉनर ४५?

ऑस्ट्रेलियात घर घेतलं की लॉन आलंच, आणि सेकंडहँड मॉवर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, शोधायला लागलात की दोन नावं हमखास समोर येतात, व्हिक्टाचं टू-स्ट्रोक रोटरी, म्हणजे खाली आडवी पाती गरगर फिरवणारं, आणि स्कॉट बॉनर ४५, म्हणजे सिलिंडर मॉवर, ज्यात पात्यांचा सिलिंडर खालच्या स्थिर पट्टीवर फिरून कात्रीसारखं कापतो. किंमत वगैरे नंतर, आधी इंजिनचा क्रँकशाफ्ट, म्हणजे फिरणारा मुख्य दांडा, उभा आहे की आडवा ते बघा, बाकी बरंचसं त्यावरनंच ठरतं.

व्हिक्टात शाफ्ट उभा. १९५२ ला सिडनीत मर्विन व्हिक्टर रिचर्डसनने विलियर्सचं छोटं इंजिन आडवं पाडून शाफ्ट उभा केला आणि त्याच्यावरच पाती फिरवली, पेट्रोलची टाकी म्हणजे पीचचा रिकामा डबा! मधे ना साखळी ना गिअर, त्यामुळे बिघडायला पार्टच कमी. ऑइल पेट्रोलमधेच मिसळलेलं, म्हणून उतारावर तिरकं झालं तरी इंजिन कोरडं पडायची भीती नाही, जी तळाशी वेगळं ऑइल असणाऱ्या फोर-स्ट्रोकला असते. पण पातं मुळावर आपटलं की दणका सरळ क्रँकशाफ्टला बसतो. पाती मागे दुमडतात म्हणून बऱ्याचदा निभावतं, तरी घेण्याआधी प्लगची वायर काढा, दोरी हळू ओढायला लावा आणि लांबनं बघा खालची चकती डगमगतेय का, डगमगत असेल तर फुकटातही नको.

स्कॉट बॉनरवर बहुतेक ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं आडव्या शाफ्टचं इंजिन दिसेल, त्याच्यापुढे क्लच आणि साखळ्या. इंजिन थकलं तर बोल्ट काढून दुसरं बसवता येतं, फक्त शाफ्टची जाडी आणि उंची जुळायला हवी, आणि ही सोय मला फार मोलाची वाटते. मागच्या रोलरवर वजन येतं म्हणून लॉनवर ते सुंदर पट्टे उमटतात. मात्र एक खडा अडकला की धार गेली, आणि गवत वाढलेलं असेल तर कापायच्या ऐवजी लोळवतं.

बफेलो गवत, खाचखळगे, झाडांची मुळं असतील तर डोळे झाकून व्हिक्टा. घरात एकच मॉवर ठेवणार असाल तरी व्हिक्टाच. कूच गवत म्हणजे आपली हरळी, ती सपाट जागेत असेल आणि आठवड्याला दोनदा कापायची तयारी असेल तर बॉनरला तोड नाही. तिथेही प्लगची वायर काढून पात्यांचा सिलिंडर हाताने फिरवायचा, बोटं जपून, आणि पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कागद कापला जातोय का बघायचं, अ‍ॅडजस्ट करूनही मधेच सुटत असेल तर ग्राइंडिंगचा खर्च भावातनं कमी करून मागा.